प्लॅनिशिंग: ठोकून सपाट करण्याची आडवाट

एका जुन्या लोखंडी पेटीचं झाकण मधोमध थोडं फुगलं होतं. बोटानं दाबलं की ‘टक’ करून आत जायचं, बोट काढलं की पुन्हा वर. त्यात काय एवढं, असं म्हणून मी ते झाकण फरशीवर ठेवलं आणि फुगलेल्या जागेवर हातोडीचे दहा-बारा घाव घातले. फुगवटा गेला तर नाहीच, उलट वाढला. वर एका कडेला नवीच लाट उठली, ती वेगळी.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका जाणकारानं ते झाकण हातात घेतलं, उजेडासमोर तिरकं धरून पाहिलं आणि विचारलं, “फुगलंय तिथंच मारलं ना?” मी मान डोलावली. तो म्हणाला, “तिथं सोडून बाकी सगळीकडे मारायचं होतं.”

या उलट्या वाटणाऱ्या कामाला इंग्रजीत आणि कारखान्यांत ‘प्लॅनिशिंग’ म्हणतात. शब्दकोशात अर्थ अर्ध्या ओळीत मिळतो: धातूचा पृष्ठभाग हलक्या ठोक्यांनी किंवा रुळांखाली दाबून एकसारखा आणि गुळगुळीत करणं. पण त्या अर्ध्या ओळीतून माझं झाकण का बिघडलं ते कळत नाही. त्यासाठी आधी थोडं गणित करावं लागतं.

झाकण ३०० मिलिमीटर रुंद आहे आणि मध्यभागी ३ मिलिमीटर वर आलंय असं धरू. त्यातली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची एक बारीक पट्टी डोळ्यांसमोर आणा. कडा जागच्या जागी घट्ट आहेत. पट्टी सरळ असती तर तिची लांबी बरोबर ३०० भरली असती. ती कमानीसारखी वर उठलीय, म्हणजे तिची खरी लांबी ३०० पेक्षा जास्त आहे. किती जास्त? उथळ कमानीसाठी सोपं सूत्र आहे: उंचीचा वर्ग गुणिले आठ, भागिले रुंदीची तिप्पट. तीनचा वर्ग नऊ, नऊ अठ्ठे बहात्तर, भागिले नऊशे. उत्तर येतं ०.०८ मिलिमीटर.

जेमतेम एका केसाच्या जाडीइतकं. एवढासा जादा पत्रा मध्ये अडकला की त्याला बसायला जागा उरत नाही आणि तो वर उठतो. डोळ्याला दिसणारा ३ मिलिमीटरचा फुगवटा म्हणजे खरं तर केसभर जास्तीच्या लांबीचं लक्षण. आपण लक्षणावर हातोडी चालवतो.

आता त्या हातोडीखाली काय घडतं ते पाहू. पत्रा १ मिलिमीटर जाड आहे, खाली कठीण फरशी आहे, आणि एका ठोक्यानं १० मिलिमीटर व्यासाच्या जागेत त्याची जाडी फक्त एक टक्का, म्हणजे ०.०१ मिलिमीटरनं कमी झाली. धातू कुठं नाहीसा होत नाही. जाडीत गेलेला पसाऱ्यात निघतो. क्षेत्रफळ एक टक्का वाढलं म्हणजे व्यास साधारण अर्धा टक्का वाढला: १० चा १०.०५ झाला. प्रत्यक्षात आजूबाजूचा पत्रा त्याला इतकं मोकळं पसरू देत नाही, पण अंदाजासाठी हा आकडा पुरे. ०.०५ जादा लांबी एका ठोक्यात, आणि मुळात भांडण होतं सगळं मिळून ०.०८ चं. मी दहा-बारा घाव घातले होते.

इथं सगळा उलगडा होतो. फुगवटा म्हणजे मध्ये धातू जास्त. तिथं ठोकलं की तो आणखी वाढणार. मग करायचं काय? एक तर मधला धातू कमी करायचा, नाहीतर भोवतालचा वाढवायचा. प्लॅनिशिंग करणारा दुसरा मार्ग धरतो. फुगवट्याच्या बाहेरून, कडांच्या दिशेनं हलके ठोके देत जातो. भोवतालचा पत्रा किंचित पसरतो, कडा केसभर बाहेर सरकतात आणि मधल्या जादा धातूला पाय पसरायला जागा मिळते. फुगवट्याला हातही न लावता फुगवटा बसतो. पहिला मार्गही वापरात आहे. गाड्यांचं डेंटिंग करणारे फुगलेल्या जागी एक छोटा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात. तापलेला धातू फुलू पाहतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला फुलू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबून जाड होतो आणि निवताना आकसून मूळच्यापेक्षा कमी जागा घेतो. परिणाम छान मिळतो, पण ठिपका थोडा मोठा झाला तर सगळा पत्रा ओढला जातो. पहिल्यांदा करणाऱ्यानं तो टाकाऊ पत्र्यावरच करून पाहावा.

ही गोष्ट फक्त कारागिरांच्या गोटात राहिली असती, पण हर्बर्ट स्पेन्सर या ब्रिटिश विचारवंतानं १८७३ मध्ये समाजशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात तिचा दाखला दिला. एका बाजूला किंचित फुगलेली लोखंडी प्लेट समोर आहे. बघणारा सुचवतो, फुगलंय तिथं मारा. मारलं, काही झालं नाही. जोरात मारा. मारलं, तर फुगवटा तसाच आणि पलीकडची कड वाकडी. स्पेन्सरचं म्हणणं असं की प्लॅनिशिंग जाणणाऱ्याला आधी विचारलं असतं तर त्यानं दुसरीकडे, कमी-जास्त जोराचे, नेमके ठोके कसे द्यायचे ते दाखवलं असतं. मग तो कायदे करून समाज सरळ करू पाहणाऱ्यांकडे वळतो आणि विचारतो, माणसांचा समाज काय लोखंडी पत्र्यापेक्षा सोपा आहे? त्याचे राजकीय निष्कर्ष मला सगळे पटत नाहीत, पण पत्र्याबद्दल तो शंभर टक्के बरोबर होता. तत्त्वज्ञाला हातोडीची इतकी अचूक माहिती असावी याचं नवल वाटलं. मग आठवलं, स्पेन्सरनं तरुणपणी रेल्वेत इंजिनिअर म्हणून काम केलं होतं.

आता शब्दाकडे. ‘प्लॅनिश’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘प्लानिर’ या क्रियापदावरून. प्लानिर म्हणजे गुळगुळीत करणं, सपाट करणं. त्याच्या मागे ‘प्लान’ म्हणजे सपाट, आणि त्याच्याही मागे लॅटिन ‘प्लानुस’: सपाट, समतल.

शेवटच्या ‘इश’नं फसायला होतं. इंग्रजीत ‘रेडिश’ म्हणजे लालसर, म्हणून ‘प्लॅनिश’ म्हणजे सपाटसर असं कुणाला वाटेल. कामाची अवस्था पाहता तो अर्थही चालून जाईल! पण हा ‘इश’ वेगळ्या घरचा आहे. फ्रेंचमध्ये ‘इर’नं संपणाऱ्या अनेक क्रियापदांच्या रूपांत मध्ये ‘इस’ येतो, आणि ती रूपं इंग्रजीत आली तेव्हा त्या ‘इस’चा ‘इश’ झाला. फिनिरवरून फिनिश, पोलिरवरून पॉलिश, प्युनिरवरून पनिश, आणि प्लानिरवरून प्लॅनिश. म्हणजे फिनिश, पॉलिश आणि प्लॅनिश हे तिन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेत, आणि कारखान्यातही कामाच्या शेवटी एकमेकांच्या मागोमागच येतात. वार्निश मात्र त्यांच्या पंगतीतलं नाही. ते मुळातच नाम होतं, त्याचा शेवट योगायोगानं जुळला.

प्लानुसचा गोतावळा मोठा आहे. सुताराच्या रंध्याला इंग्रजीत ‘प्लेन’ म्हणतात, तो याच कुळातला. भूमितीतली ‘प्लेन’, म्हणजे प्रतल, तीही तिथलीच. पियानो हे वाद्य इटालियनमधून आलं. तिथं ‘पियानो’ म्हणजे हळू, मऊ, आणि त्याआधी सपाट. प्लानुसच इटलीत राहून मवाळ झाला. ‘प्लेट’ आली ग्रीक ‘प्लातुस’ म्हणजे रुंद, पसरट यावरून, आणि या प्लातुसचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे: संस्कृतमधला ‘पृथु’. पृथु म्हणजे रुंद, विस्तीर्ण. त्यावरूनच पृथ्वी, म्हणजे पसरलेली ती. प्लानुसही याच भावकीतला मानतात. या सगळ्या शब्दांच्या तळाशी ‘पसरणं’ ही कल्पना आहे. पत्र्याच्या बाबतीत तर ती अक्षरशः खरी ठरते, कारण पत्रा सपाट होतो तो पसरल्यामुळेच.

या कुळातला माझा सर्वात आवडता शब्द वेगळाच आहे: ‘एक्सप्लेन’. लॅटिन ‘एक्सप्लानारे’ म्हणजे सपाट करणं, मोकळं करून पसरवणं. समजावून सांगणं हा अर्थ त्यातूनच आला. सतराव्या शतकात इंग्रज लेखक जॉन एव्हलिननं हे क्रियापद झाडाच्या कळ्यांसाठी वापरलं: कळ्या पानांत ‘एक्सप्लेन’ होतात, म्हणजे उलगडतात. आपण ‘उलगडून सांग’ म्हणतो त्यामागेही तेच चित्र आहे. गुंडाळी सोडवा, घडी मोडा, पसरून ठेवा.

मराठीत या कामाला शब्द नाही असं समजू नका. ‘मठारणं’ हा अस्सल शब्द आहे. तांब्या-पितळेचं भांडं घडवून झालं की त्यावर शेजारी-शेजारी, एकावर एक थोडे चढणारे ठोके देऊन अंग एकसारखं करतात ते मठारणं. भाषांतर करणारे बऱ्याचदा प्लॅनिशिंगला ‘सपाटीकरण’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण सपाटीकरण म्हटलं की रस्ता आणि बुलडोझर डोळ्यांसमोर येतो. शिवाय त्यात एक अर्थाची चूकही आहे.

चूक अशी: प्लॅनिश केलेली वस्तू सपाट असलीच पाहिजे असं नाही. गोल वाडगा, घंटेचं अंग, मोटारीचं वळणदार मडगार्ड ही सगळी प्लॅनिश होतात आणि शेवटी गोलच राहतात. शब्दाच्या पोटात ‘सपाट’ असलं तरी कामाचा हेतू वेगळा आहे. मोठा आकार तसाच ठेवायचा आणि त्यावरचे बारीक चढउतार काढायचे. म्हणून अशा कामात खाली सपाट ऐरण चालत नाही. वाडग्याच्या आतल्या गोलाईला जुळेल असा घुमटाकार, आरशासारखा घासलेला ठोकळा खाली हवा. त्याला टेकलेल्या बिंदूवरच वरून हातोडीचं तोंड पडलं पाहिजे. आवाजावरून कळतं. धातू दोन कठीण पृष्ठभागांत नीट सापडला की आवाज भरीव येतो. खाली पोकळ असेल तर बद्द येतो आणि तिथं खळगा पडतो. हातोडीचं तोंडही चकचकीत लागतं, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर छापला जातो. तोंडाच्या कडा किंचित गोलावलेल्या असतात, नाहीतर तिरक्या ठोक्याला चंद्रकोरीसारखी खूण उठते आणि ती काढायला वेगळे कष्ट पडतात.

गुळगुळीत आणि सपाट यांत आपण रोजच्या बोलण्यात गल्लत करतो. चमच्याचा खोलगट भाग अगदी गुळगुळीत असतो, पण सपाट नसतो. धार लावायचा दगड सपाट असतो, पण हाताला खरखरीत लागतो. कारखान्यात ही दोन वेगळी मापं आहेत आणि त्यांसाठी वेगळी उपकरणं लागतात. प्लॅनिशिंग मुख्यतः पहिल्या बाजूचं काम. पत्रा अगदी सपाट हवा असेल तर ते दुसऱ्या बाजूलाही हात घालतं, आणि खरी परीक्षा तिथंच असते.

ठोक्यांनी आणखी एक गोष्ट बदलते: धातू ताठ होतो. तारेचा तुकडा एकाच जागी पुन्हा-पुन्हा वाकवला की ती जागा आधी ताठ होते आणि मग तुटते, तोच प्रकार. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा घसरायला मदत करणारे दोष असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. ठोकल्यावर त्यांची संख्या इतकी वाढते की ते एकमेकांत अडकून बसतात आणि रांगांना घसरता येत नाही. म्हणून घडवताना कारागीर भांडं अधूनमधून तापवून मऊ करतो, पण प्लॅनिशिंग झाल्यावर पुन्हा तापवत नाही. शेवटच्या ठोक्यांचा ताठपणा तसाच राहू देतो. भांडं सहज चेमटत नाही ते या ताठपणामुळे.

यंत्रं आली तरी तत्त्व बदललं नाही. हवेच्या दाबावर चालणारी प्लॅनिशिंग हातोडी मिनिटाला शेकडो हलके ठोके देते. ‘इंग्लिश व्हील’ नावाच्या यंत्रात ठोके नसतातच. वरचं चाक सपाट, खालचं किंचित फुगीर, आणि मधून पत्रा पुढे-मागे फिरवायचा. वेल्डिंगची रेघ रुळाखाली दाबून बसवतात, त्यालाही प्लॅनिशिंगच म्हणतात. वेल्ड थंड होताना आकसतं आणि पत्र्याला आवळून धरतं. रुळाखाली ती रेघ दाबली की लांबते आणि पत्र्याचा पीळ कमी होतो. आकसलेलं तेवढं पसरवायचं, म्हणजे पेटीच्या झाकणाचंच गणित. एकोणिसाव्या शतकात रशियातून येणारा एक काळसर चकचकीत लोखंडी पत्रा अमेरिकेत फार मागणीत होता. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर त्याचं वेष्टण चढवत. तो बनवताना पत्र्यांची चळत लावून मध्ये कोळशाची पूड टाकत आणि सगळी चळत तापवून घणाखाली कुटत. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत व्हायचा आणि त्याला गंजही लवकर धरत नसे.

या सगळ्यात मला सर्वात विलक्षण वाटलं ते वखारीतल्या गोल करवतीचं काम. ती मोठी पोलादी तबकडी वेगानं फिरते तेव्हा तिची कड ताणली जाते, लाकडाला घासून तापते आणि त्यामुळेही वाढते. तबकडी थांबलेली असताना तंतोतंत सपाट केली, तर फिरताना कड वाढून ढिली पडते आणि करवत डगमगत चालते. म्हणून करवत दुरुस्त करणारा तिचा मधला भाग मुद्दाम ठोकून थोडा पसरवतो. थांबलेली असताना ती मध्ये किंचित सैल असते. वेग घेतला की कडेचा ताण आणि मधला सैलपणा एकमेकांना भिडतात आणि तबकडी सरळ धावते. माझ्या पेटीच्या झाकणात जो दोष होता, तोच इथं ठरवून, मोजून घातलेला असतो.

प्लॅनिशिंगच्या आसपास फिरणारे आणखी काही शब्द आहेत, त्यांच्याशी घोळ नको. रंधा, कानस, स्क्रेपिंग (खरवडणं), लॅपिंग (बारीक कणांच्या लेपानं घासणं) ही सगळी कामं उंचवट्यावरचा धातू किंवा लाकूड काढून टाकतात. स्क्रेपिंगमध्ये निळा रंग लावलेल्या प्रमाण प्लेटवर वस्तू टेकवतात. जिथं रंग लागला तो उंचवटा, तेवढाच हातानं खरवडायचा आणि पुन्हा टेकवून पाहायचं. इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये तीन प्लेट आळीपाळीनं एकमेकींशी जुळवून खऱ्या सपाट प्लेट कशा मिळवायच्या ते मांडलं. दोनच प्लेट जुळवल्या तर एक घुमटासारखी आणि दुसरी वाटीसारखी होऊनही त्या एकमेकींत नीट बसतात. तिसरी आणली की ही चोरी पकडली जाते. प्लॅनिशिंगमध्ये काहीच निघत नाही. सुरुवातीला जितक्या वजनाचा धातू, शेवटी तितकाच. फक्त त्याची वाटणी बदलते.

संगणकाच्या चिपच्या दुनियेत ‘प्लॅनरायझेशन’ म्हणतात ते याच कुळातलं शेंडेफळ, पण वागणूक काढून टाकणाऱ्यांची. तिथं सिलिकॉनच्या चकतीवर एकावर एक थर चढतात. खालचा थर उंचसखल असेल तर वर प्रकाशानं नक्षी छापताना ती अंधुक येते, कारण इतक्या बारीक छपाईत फोकस फार थोड्या खोलीपुरताच टिकतो. म्हणून अधूनमधून पृष्ठभाग रसायनं आणि अतिसूक्ष्म कण घातलेल्या पातळ रबडीनं घासून समतल करतात. नाव प्लानुसचंच, काम मात्र लॅपिंगच्या जवळचं.

शेवटी एक गंमत. प्लॅनिशिंगचा पूर्वीचा उद्देश होता हातोडीच्या खुणा मिटवणं. खोल, वेड्यावाकड्या खुणांच्या जागी हजारो छोटे, उथळ, एकसारखे पैलू आणायचे आणि मग पॉलिशनं तेही नाहीसे करायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात यंत्राच्या मालाला कंटाळलेल्या कलाकारांनी ते पैलू तसेच ठेवायला सुरुवात केली, कारण त्यातून हाताचं काम दिसतं. मग साच्यातून दाबून काढलेल्या भांड्यांवरही यंत्रानं तसे ठिपके उठवू लागले. खरे आणि छापील ठिपके ओळखायचे असतील तर भांडं हळूहळू फिरवत बघा. छापील ठिपके ठरावीक अंतरानं पुन्हा तेच येतात. हातचे कधीच येत नाहीत.

त्या जाणकारानं माझं झाकण दुरुस्त करून दिलं, त्याला अर्धा तासही लागला नाही. फुगवट्याला त्यानं एकदाही हातोडी लावली नाही. चारी बाजूंनी कडांकडे ठोके देत गेला आणि मध्येमध्ये तळहात पत्र्यावरून हलका फिरवत राहिला. तळहाताला डोळ्यापेक्षा आधी कळतं, असं म्हणाला. शेवटी त्यानं झाकण ट्यूबलाइटखाली धरलं आणि मला बघायला लावलं. पत्र्यात दिव्याची लांब पांढरी रेघ उमटली होती, जवळजवळ सरळ. मी आधी घाव घातले होते त्या जागी मात्र ती अजून थोडी थरथरत होती.